लाकूड रुळेपर्यंत

शशिकांत धारपांची सगळी नोकरी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात गेली. त्यांच्या टेबलावर आलेली फाईल निवांत पडून राहायची, अशी त्यांची ख्याती होती. "राहू द्या जरा," एवढंच म्हणायचे. निवृत्तीनंतर नोएडाच्या फ्लॅटमध्ये याच माणसाने गिटार बनवायला घेतली आणि उतावळेपणापायी तोंडावर आपटला. हे सांगताना सगळ्यात जास्त ते स्वतःच हसतात.

गिटार त्यांना वाजवता येत नव्हती, ही गोष्ट वेगळी. सुतारकामाचा हात बरा होता आणि व्हिडिओ पाहून पाहून आत्मविश्वास हाताच्या बराच पुढे गेला होता. कीर्तीनगरच्या लाकूडबाजारातून शिसवीच्या फळ्या आणल्या, वरच्या पातळ फळीसाठी स्प्रूस नावाचं हलकं परदेशी लाकूड मागवलं. पार्सल आलं ऐन ऑगस्टमध्ये. गुडगावला नोकरी करणारी मुलगी केतकी त्या दिवशी घरी होती. सोबतचा कागद तिने वाचला.

"बाबा, लिहिलंय की लाकूड आधी काही आठवडे घरात नुसतं ठेवा. इथल्या हवेची सवय होऊ दे."

"मुरू द्यायचं."

"मुरू? म्हणजे लोणच्यासारखं?"

"बिल्कुल. पण ते नवशिक्यांसाठी असतं गं."

आपण कोण आहोत, हा प्रश्न त्यांना पडला नाही. भिंतींना ओल आलेली, बरणीतलं मीठ पाझरलेलं, अशा हवेत ओलावा पिऊन फुगलेल्या त्या फळीला त्यांनी आतून आडव्या पट्ट्या चिकटवून टाकल्या. दिवाळीपर्यंत गिटारीचा डबा तयार! तो टीव्हीशेजारी उभा राहिला. आल्यागेल्याला ते टकटक करून त्याचा आवाज ऐकवायचे. इस्त्रीवालाही त्यातून सुटला नाही.

एप्रिलमध्ये कोरडी गरम हवा सुटली. एका रविवारी जुने सहकारी श्रीपाद देवस्थळी चहाला आले. शशिकांतनी डबा मांडीवर घेतला आणि व्याख्यान सुरू केलं.

"श्रीपाद, या कलेत सगळा खेळ धीराचा. घाई केली की लाकूड..."

टक्!

फळीवर मधोमध, वरपासून खालपर्यंत भेग. हवा कोरडी पडली तशी फळी आक्रसायला निघाली होती, पट्ट्या तिला सोडेनात, शेवटी बिचारी फाटली. श्रीपादनी कप शांतपणे खाली ठेवला.

"वाक्य पूर्ण नका करू. समजलं."

शशिकांतना आधी घाम फुटला, मग हसू.

दुसऱ्या खेपेला मात्र ते दुसऱ्या टोकाला गेले. नव्या फळ्या बेडरूममध्ये, मधे बारीक काड्या ठेवून रचलेल्या, म्हणजे चहूबाजूंनी हवा खेळावी. भिंतीवर हवेतला ओलावा दाखवणारं घड्याळ. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर फळ्यांचं वजन. ते बदलायचं थांबलं की लाकूड रुळलं म्हणायचं. आणि मे महिन्यात, एसी दुरुस्तीला गेलेला असताना, कूलरला बंदी. कूलरची दमट हवा लाकडाला सोसायची नाही.

बायको अलकनंदा वर्तमानपत्राने वारा घेत म्हणाली, "किती जपताय हो त्याला! मला लग्न करून सांगलीहून आणलंत, ते स्टेशनवरून थेट तुमच्या साहेबांकडे जेवायला. डोक्यावरची धूळसुद्धा झटकू दिली नाहीत."

"मग? तडा गेला का?" शशिकांतनी हसण्यावारी नेलं.

"दोनदा. तुम्हाला ऐकू आला नाही."

ती हे हसतच म्हणाली. ते उठले, फळ्यांची चवड उचलून पुस्तकांच्या खोलीत नेली, दार लावलं आणि बेडरूममधला कूलर सुरू केला. अलकनंदाने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

फळ्यांचं वजन पावसाळा सरून हवा थंडावल्यावर स्थिरावलं. गिटार होळीच्या आसपास पूर्ण झाली. गळा क्रिकेटच्या बॅटीसारखा जाड, एक तार थोडी भणभणते, पण पुढचा अख्खा उन्हाळा फळी शाबूत राहिली. केतकीच्या मैत्रिणीने वाजवून पाहिली आणि आवाज चक्क गोड निघाला.

मग प्रश्न उरला वाजवण्याचा. हल्ली शशिकांत मेट्रोने मुनिरक्याला एका क्लासला जातात. बाकीचे सगळे कॉलेजातले, त्यांना 'अंकल' म्हणून खिडकीजवळची जागा देतात. आजवर एकच सूर जमलाय. घरी आल्यावर तो ते अलकनंदाला ऐकवतात. ती डोळे मिटून नीट ऐकते.

"छान," म्हणते. "आता दुसरा."