तूवाली डॉक्टर

ऐंशीच्या घरातल्या माणसालाही ती बेधडक 'तू' म्हणायची. "काका, तू जेवला का? तुझा पाय दुखतो का?" लेकीकडे पाहुणे म्हणून आलेले पुण्याचे काका आधी दचकायचे, मग हसायचे. ती जन्मली-वाढली इथेच, शिकागोजवळ. आईवडील घरात तिच्याशी जेवढं मराठी बोलले तेवढंच तिला यायचं, आणि आईवडील आपल्या मुलीला 'तुम्ही' कशाला म्हणतील? मराठी पेशंटांनी तिचं नाव पाडलं 'तूवाली डॉक्टर'. मी त्याच हॉस्पिटलात, त्याच मजल्यावर फार्मासिस्ट. मी नागपूरची, म्हणून ती मलाही हक्काने मराठीत छळायची.

ती हॉस्पिटलिस्ट होती. म्हणजे बाहेर तिचं क्लिनिक नव्हतं; दाखल झालेला पेशंट घरी जाईपर्यंत त्याचं सगळं तिने बघायचं. इथे हृदयाचा डॉक्टर हृदय बघून जातो, किडनीचा किडनी बघून जातो, आणि या सगळ्या अवयवांचा मिळून जो एक माणूस असतो त्याच्याकडे हॉस्पिटलिस्टने बघावं अशी अपेक्षा असते. ती खरंच बघायची. घरात जिने किती, बाथरूम कुठल्या मजल्यावर, सकाळी गोळ्या कोण देतं, हे विचारल्याशिवाय तिने कुणाला घरी सोडलं नाही.

तिला राग फार यायचा. आला की आवाज चढण्याऐवजी खाली जायचा आणि ती मराठीवर यायची, कारण ते कळणारी तिथे मी एकटी. एकदा पाच स्पेशालिस्टांनी एकाच बाईला पाच वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या. ही कॉरिडॉरमध्ये मला म्हणाली, "हे लोक आपापसात बोलत का नाही? सगळ्यांकडे फोन आहे ना? की नुसते फोटो काढायला ठेवला आहे?" मग तिने स्वतः पाचही जणांना फोन लावले. एकाने विचारलं, हे इतकं अर्जंट आहे का? ती म्हणाली, "बाई रडते आहे. तुझ्यासाठी नसेल, माझ्यासाठी अर्जंट आहे." हे मात्र इंग्लिशमध्ये, त्याला नीट समजेल असं.

मागच्या हिवाळ्यात जवळच्या शॉमबर्ग गावाहून एक काका न्यूमोनियाने दाखल झाले. काकूंसोबत ते पुण्याहून सहा महिन्यांसाठी मुलीकडे आले होते. ताप उतरला, पण काका भलतंच बोलायला लागले. मुलीला ओळखेनात. मेंदूचा डॉक्टर येऊन आणखी तपासण्या सांगून गेला. तूवाली डॉक्टर काकांच्या पलंगाच्या कडेवर बसली आणि तिने मला हाक मारली. "चल, त्याची एक-एक गोळी मला सांग." झोप लागावी म्हणून इमर्जन्सीत कुणीतरी चालू केलेली गोळी तशीच रोज जात होती. म्हाताऱ्या माणसाला ती डोक्यात चढते. आम्ही ती बंद केली. काका ताळ्यावर आले आणि हॉस्पिटलच्या चहाला चव नाही म्हणून कुरकुरू लागले. काकू पदराने डोळे पुसत हसल्या.

पण काका उभे राहिले की गुडघे लटपटत. मुलीच्या घरी झोपायची खोली वरच्या मजल्यावर. डॉक्टर म्हणाली, "काकू, त्याला मी इतक्यात नाही सोडणार. आधी फिजिओथेरपिस्टबरोबर जिना चढून दाखवू दे." वरून, म्हणजे हॉस्पिटलच्या डायरेक्टरकडून, निरोप आला, बेड हवा आहे, दुपारच्या आत डिस्चार्ज करा. तिने उत्तर दिलं, "नाही." एवढंच.

तिचा आठवडा दुसऱ्या दिवशी संपला. हॉस्पिटलिस्ट एक आठवडा सलग काम करतात, मग आठवडाभर सुट्टी आणि त्यांच्या पेशंटांवर दुसरा डॉक्टर. तिने येणाऱ्या डॉक्टरला जिन्याचं सगळं समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली. त्याच्या गळ्यात इतके पेशंट मारले होते की त्याला मी फार दोष देत नाही. माझा राग एकेका डॉक्टरला किती पेशंट, हे आकडे ठरवणाऱ्यांवर आहे. पुन्हा निरोप आला, आणि काकांना जिना न चढवताच घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका त्या जिन्यावरून पडले. खुबा मोडला. अँब्युलन्सने परत आमच्याकडेच आले.

मी तिला मेसेज केला. सुट्टीवर असूनही ती तासाभरात आली, जीन्समध्ये, केस ओले. आधी काकांचा हात धरून उभी राहिली. मग आमची डॉक्टर-नर्सची सकाळची मीटिंग चालू होती तिथे शिरली आणि डायरेक्टरसमोर उभी राहून इंग्लिशमध्ये म्हणाली, "हा माणूस का पडला, ते सगळ्यांसमोर सांग."

तो म्हणाला, "आपण हे नंतर, ऑफलाइन, दोघंच बोलू."

"तो जिन्यावर पडला आहे. ऑफलाइनच पडला आहे. आत्ता बोल."

डायरेक्टरने लॅपटॉपवरून पुढच्या पेशंटचं नाव वाचलं. आम्ही वीस-एक माणसं त्या खोलीत होतो. सगळ्यांना उत्तर माहीत होतं.

पुढच्या महिन्याच्या शेड्युलमध्ये तिचं नाव नव्हतं. हे डॉक्टर हॉस्पिटलचे नोकरही नसतात, एक कंपनी त्यांना पुरवते. कंपनीने कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही, कारण दिलं नाही. आम्हाला ईमेल आला, त्या नव्या संधींच्या शोधात गेल्या आहेत, शुभेच्छा. तो वाचून मी फार्मसीत इतक्या जोरात शिवी दिली की माझी अमेरिकन सहकारी मराठी न कळताही "एक्झॅक्टली" म्हणाली.

काका ऑपरेशनमधून सावरले नाहीत. पुन्हा न्यूमोनिया झाला आणि ते गेले. काकू पुण्याला परत निघायच्या आधी मी त्यांना भेटायला शॉमबर्गला गेले, तर तूवाली डॉक्टर आधीच येऊन बसली होती. तिला दुसऱ्या राज्यात काम मिळालं होतं, गाडीत सामान भरलेलं होतं. दिवाणखान्यात काकूंची बॅग उघडी पडली होती आणि मुलगी काकांचे स्वेटर घडी करत होती.

डॉक्टर काकूंसमोर खाली कार्पेटवर बसली. "सॉरी काकू. मी सुट्टीवर जायला नको होती. मी थांबली असती तर..."

इतके दिवस काकूंचा आवाज मी कधी मोठा ऐकला नव्हता. हॉस्पिटलात त्या नर्सला पाणीसुद्धा चाचरत मागायच्या. त्या एकदम कडाडल्या, "तू का सॉरी म्हणतेस? 'नाही' म्हणणारी तू एकटीच होतीस. ज्यांनी माझ्या माणसाला त्या जिन्यावर पाठवलं, त्यांच्यातलं कोणी आलं का या दारात? एक फोन तरी केला का?"

मुलगी घडी करायची थांबली.

"सांग ना," काकू माझ्याकडे वळल्या, "तू अजून तिथेच आहेस ना? आलं का कोणी?"

"नाही काकू," मी म्हणाले. "कोणी येणार नाही."