वडगावची आक्का बोरगावात

निपाणीच्या स्टँडवर बेळगावची गाडी लागली. कंडक्टरनं विचारलं, "आजोबा, पाटी वाचता येते न्हवं?" मी कन्नड पाटी मोठ्यानं वाचून दाखवली. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही ही हौस जात नाही. पण ती भाषा माझी कमाई आहे. हुबळीनं मला कन्नड दिली, हैदराबादनं अनोळखी माणसांत मिसळण्याचा धीर दिला, आणि चाळीस कामगारांकडून न ओरडता काम करून घ्यायला मी सुरतेत शिकलो. बोरगावच्या जैन शेतकऱ्याचा मी मुलगा. कापडगिरण्यांत मास्तर झालो, पण अंथऊ (सूर्य मावळण्याआधीचं जेवण) कुठंच चुकवलं नाही. गावानं सत्कार केला तेव्हा ऐटीत बोललो, "घराबाहेर सगळं एकट्यानं शिकलो."

ते खोटं होतं. म्हणून ही फेरी.

संकेश्वर मागं पडलं. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. एकोणिसाव्या वर्षी याच रस्त्यानं बेळगावला माग शिकायला गेलतो. जेवण आपल्याच समाजाच्या घरी, ही आईची अट होती. टिळकवाडीत एका जैन मास्तरांकडे राहतो, असं मी तिला कळवलं. राहिलो मात्र बेळगावच्याच विणकरवस्तीत, वडगावात, शांताक्का या विणकरणीच्या घरी. ती रोज ऊन उतरताना चालता माग थांबवायची आणि माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात कांदा-लसणाविना रांधायची. दोन वर्षं.

एकदा आई बेळगावला आली. बाजारात समोरून आक्का आली. "लवकर ये रं, ऊन उतरतंय."

"कोण ही?" आईनं विचारलं.

"कुणाला ठाऊक. चुकून हाक मारली असंल."

आक्कानं ते ऐकलं. आई खरं न कळताच वारली.

वडगावात मी एक थांबा आधीच उतरलो. गल्ल्या ओळखू येईनात. रिक्षावाल्याला विचारलं, "जुने विणकर कुठं राहतात?"

"माग ऐकत चला की! आवाज आला की घर आलं."

तसाच गेलो. तिसऱ्या दारात एक म्हातारी कांड्या (आडव्या धाग्याच्या नळ्या) भरत बसली होती. आत तिच्या मुलाचा यंत्रमाग धडधडत होता. तिनं मला निरखलं, मग बाहेरच्या उन्हाकडं बघितलं आणि आत ओरडली, "माग बंद कर रं! भूपाल आलाय. जेवायची वेळ झालीय त्याची."

मी चपला काढल्या आणि पाटावर जाऊन बसलो.

ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी. चव तीच. खाली मान घालून मी बाजारातला दिवस सांगितला.

"व्हय, ऐकलं मी. लई लागलं. आठ दिवस बोलले न्हाय तुझ्याशी."

"पण त्या दिवशीही ताट वाढलंस."

"राग होता तुझ्यावर. म्हणून काय उपाशी ठेवायचं?" मग हसली. "पुढं कोण रांधायचं तुला?"

"मीच. तू करायचीस तसं."

"गावात सांगितलंस हे?"

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिलो.

"मग मला कशाला सांगतोस? मला ठाऊकच हाय. उद्या चल, गाव दाखव तुझं. दोन वर्षं नुसतं ऐकून घेतलंय."

सकाळी आम्ही परतीच्या गाडीत बसलो. एक्क्याऐंशीची आक्का स्वतः विणलेलं लुगडं नेसून खिडकीशी. निपाणीत तंबाखूचा वास येताच तिनं पदर नाकाला लावला. "ह्याच वासाची आठवण काढून रडायचास व्हय रं?" आख्खी गाडी हसली. मीही.

बोरगावला पोचल्यावर मी भाकऱ्या थापल्या, आमटी केली. सत्काराला जमलेल्या सगळ्यांना अंगणात जेवायला बोलावलं. शेजारचे आप्पा माझ्या आईच्या नात्यातले. आक्काकडं बघत त्यांनी विचारलं, "भूपाल, कोण रं ह्या?"

तोच प्रश्न. या वेळी मी उभा राहिलो.

"ह्या माझ्या आक्का. वडगावच्या. सत्कारात मी खोटं बोललो. आईशीही खोटंच बोललो होतो. तीन शहरांत मी जे रांधून खाल्लं, ते ह्यांच्या चुलीपाशी बसून शिकलो. ह्यांनी रोज माग थांबवला, म्हणून माझा नेम टिकला."

आप्पा उठले, स्वतःचा पाट उचलून त्यांनी आक्काच्या पाटाशेजारी मांडला आणि तिथं बसले.

आक्कानं आमटी-भाकरीचा घास घेतला, सावकाश चावला. साऱ्या गावासमोर माझी परीक्षा चालली होती. मग तिनं पश्चिमेकडं पाहिलं.

"मीठ बरोबर हाय," ती म्हणाली. "आता बोलणं पुरे. बस, ऊन उतरतंय."