घरातलं एक मत

गेल्या निवडणुकीत मी नागपुरातल्या एका सर्व्हे एजन्सीत काम करत होते. एका उमेदवाराने आमच्याकडून स्वतःपुरता सर्व्हे करून घेतला होता. निकाल फक्त त्यालाच सांगायचा, बाहेर चकार शब्द नाही, अशी अट होती.

नरखेड तालुक्यातलं एक गाव मला त्याच्या कार्यकर्त्यानेच दाखवलं. गावात उमेदवाराच्या पक्षाचं या कार्यकर्त्याचं तेवढं एकच घर. त्याची वहिनी मोसंबीच्या बागेत भेटली. दीर जवळ होता तोवर तिने ठरलेली उत्तरं दिली. तो पुढे गेल्यावर हळूच म्हणाली, "खरं सांगू का बाई, मी नाही देणार त्याले मत. दिराले समजू देऊ नको पण."

मी शब्द दिला.

निकालाच्या बैठकीत उमेदवार आकडे मानायलाच तयार नव्हता. आमच्या एजन्सीच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी बोलून गेले, की त्या गावात तुमच्या कार्यकर्त्याच्या घरातूनच मत फिरलंय. नाव घेतलं नाही. उमेदवाराने आकड्यांचा कागद पुन्हा पुढे ओढला. मला, खोटं कशाला बोलू, तेव्हा बरंच वाटलं.

त्याच आठवड्यात पेपरात बातमी आली. अंतर्गत सर्व्हेने उमेदवाराची झोप उडवली, कार्यकर्त्यांची घरंही फुटली, आणि खाली गावाचं नाव. कोणी फोडलं ते कळलं नाही. असा सर्व्हे झालाच नाही, असं उमेदवाराने सांगून टाकलं. साहेब वैतागले ते अट मोडली म्हणून. त्या घराचं काय होईल, हा विषय कोणी काढला नाही, मीही नाही.

उमेदवार निवडून आला. नंतर मी गावात गेले. दिराचं पक्षातलं पद गेलं होतं. त्याने सामाईक विहिरीवरची मोटर काढून नेली होती आणि वहिनीच्या बागेची पानं पिवळी पडली होती. मी तिला सगळं सांगितलं, दिरालाही सांगते म्हणाले.

"काहून? त्याले अजून नुसता संशय हाय," ती म्हणाली. "नक्की झालं तर येणं-जाणंबी बंद होईन."

एसटीच्या थांब्यावर तिचा दीरच बसलेला होता. त्याने मला ओळखलं. रस्त्याकडे बघतच म्हणाला, "मॅडम, आमच्या घरातलं कोण बोललं होतं?"

"आमच्याकडे नावं नसतात," मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि सरकून मला बसायला जागा करून दिली.