अण्णाचा पहिला घास राहिला

या, असे जवळ येऊन बसा. दाराशी काय उभं राहता परक्यासारखं? आणि एक सांगते गावकऱ्यांनो, राग मानू नका... माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा जळकोटच्या चौकात तुम्ही केवढं बॅनर लावलंत, ‘उद्योगमहर्षी’ म्हणून! अण्णानं वाचलं असतं तर हसून म्हणला असता, "अक्का, महर्षीला डाळ शिजवता येती का गं?" महिना होत आला त्याला जाऊन. पण त्याची डाळगिरणी त्याच्या आधीच थांबली होती, हे कुणी लिहिलं नाही. म्हणून मी बसले लिहायला. शाळा पाहिली नाही मी. पोत्यांवरची नावं वाचून अक्षर शिकले. बोलते तसं लिहिते.

नवरा गेल्यावर मी माहेरी आले, तेव्हा अण्णाकडं एक सायकल होती आणि आईचं जातं. समोरासमोर बसून आम्ही दोघं तूर भरडायचो, अन् तो मुखेडच्या बाजारात डाळ विकायचा. पहिल्याच खेपेची डाळ नेलेल्या एका बाईनं पुढच्या बाजारी पिशवी त्याच्यापुढं आपटली. "घंटाभर जाळ लावला, ही डाळ हाय का खडे?" त्या दिवशी अण्णा जेवला नाही. तेव्हापासून नेम झाला: नव्या तुरीची डाळ आधी आपण शिजवून खायची, मगच विकायची. पुढं गिरणी झाली, अण्णाची डाळ पार हैदराबादेला जाऊ लागली, तरी पहिली डाळ आम्ही दोघं जात्यावरच भरडायचो. संक्रांतीच्या सुमारास आवारात तीन दगडांवर मोठा पितळी गंज चढायचा, पन्नास माणसांचं वरण मावंल एवढं पातेलं. नुसती हळद अन् मीठ. हमाल, शेतकरी, ट्रकवाले, सगळ्यांची एक पंगत. गिरणी सुरू झाली त्या वर्षी अण्णाचा मुलगा विजू मांडीवर होता. पहिला घास त्याला भरवला, तर पोरगं बोबडं म्हणालं, "शिजयी!" सगळे हसले, आणि अण्णानं मोटारीचं बटण दाबलं. झालं, तेव्हापासून विजूनं ‘शिजली’ म्हटल्याशिवाय गिरणीचा पट्टा फिरला नाही. पुण्याला नोकरी लागली तरी तो तेवढ्यासाठी यायचा.

यंदा नाही आला. "सुट्टी मिळंना, पुढच्या आठवड्यात नक्की," फोनवर म्हणायचा. पुढचा आठवडा, त्याच्या पुढचा... दारात तुरीच्या गाड्या उभ्या. शेतकरी म्हणायचे, "मालक, किती दिस थांबावं? लातूरला नेतो."

"न्या बाबांनो. विजूनं चाखल्याबिगर विकणार न्हाई मी."

मी चिडले. "अरे येड्या, मी खाते की पहिला घास!"

"अक्का, तू जन्मभर माझी कच्ची डाळ बी गोड म्हणलीस. तुझी साक्ष चालत न्हाई."

गाड्या गेल्या. हमाल दुसऱ्या गिरणीवर गेले. अण्णा रोज सकाळी गिरणीच्या पायरीवर बसायचा, रस्त्याकडं तोंड करून. एका सकाळी मी चहा घेऊन गेले, हाक मारली, परत मारली... चहा तसाच राहिला. आमच्यात बसवूनच माती देतात. खड्ड्यातही तो पायरीवर बसल्यासारखाच दिसत होता. वाट बघत.

विजू मातीला आला, रडला, गेला. आता आवार मोजायला माणसं येऊ लागलीत. गिरणी पुन्हा फिरेल असं वाटत नाही मला, खोटं कशाला सांगू? परवा दुकानातून डाळ आणून लावली. तीच शिजली नव्हती, की माझ्याच्यानं गिळवली नाही, कोण जाणे. विचारायचं तरी कुणाला...

एका शेतकऱ्यानं मात्र त्याचं एक पोतं नेलं नाही. "अण्णासाठी आणलेली तूर दुसरीकडं घालत न्हाई," म्हणाला. पायरीशीच पडून आहे. ऊन वाढू लागलंय, आता कीड लागेल तिला. विजू, हे वाचलंस तर ऐक बाळा. गिरणी चालव म्हणत नाही मी तुला. गंज घासून ठेवलाय, जातं पुसून ठेवलंय. पण समोर कुणी बसल्याशिवाय ते माझ्या एकटीच्यानं फिरत नाही रे. लवकर ये.