बाराशे भागिले दहा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हालाच का सांगतोय? नीटसं माहीत नाही. पण ऐका.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावात केळी उत्पादकांच्या एका संस्थेत मी कॉम्प्युटरवाला म्हणून लागलो. पुण्याहून कोर्स करून आलेला, वय कोवळं, आणि डोक्यात नुसती हवा. तिथे पुंडलिक नाना टायपिस्ट होते. भडगावकडचे, माझ्याहून बरेच मोठे, तरी मला ‘भाऊ’ म्हणायचे. रोजंदारीवर होते आणि त्या वर्षी कायम होणार होते. टाइपरायटरवर त्यांची बोटं बघत राहावीत अशी चालायची. कॉम्प्युटरला मात्र बिचकायचे. तरी मी सांगेन ते मन लावून शिकायचे — माझ्यावर त्यांचा फार विश्वास.

रावेर-सावद्याकडून केळीच्या वॅगन दिल्लीला सुटायच्या. कोणत्या वॅगनमध्ये कोणाचा माल, कोणत्या आडत्याचा, ही यादी गाडीबरोबर जाणाऱ्या माणसाच्या हाती द्यायची, अशी जुनी पद्धत. मला ती गावंढळ वाटली. कागद कशाला? मोडेम आलाय ना, फोनच्या तारेवरून यादी पाठवू. माणूस पाठवणं मीच बंद करायला लावलं.

बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, फोन किती वेळ अडकेल? कचेरीत एसटीडीचा फोन एकच, आणि दुपारी त्यावर दिल्लीचे भाव यायचे. मोडेमवर लिहिलं होतं — सेकंदाला बाराशे. यादी साधारण छत्तीस हजार अक्षरांची. मी मनातल्या मनात भागाकार केला आणि ऐटीत म्हणालो, “अर्धा मिनिट.”

पण बाराशे काय? अक्षरं नव्हेत — बिट. एका अक्षराला आठ बिट, वर अक्षर सुरू झालं आणि संपलं हे कळवणारे दोन. म्हणजे बाराशे भागिले दहा. सेकंदाला एकशेवीस अक्षरं, आणि यादीला पाच मिनिटं. हे मला येत नव्हतं का? येत होतं. परीक्षेत असली गणितं मी घडाघडा सोडवली होती. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला पटकन उत्तर देऊन भाव खायचा होता. बाकी काही नाही.

नानांना सांगितलं — लाइन लागली की मिनिटभर थांबा, मग फोन मोकळा करा. किती गेलं, किती राहिलं, ते पडद्यावर दिसायचं नाही. चाचणीला आम्ही मूठभर नावं पाठवली होती, ती सुखरूप गेली होती. खऱ्या यादीच्या दिवशी नाना घड्याळाकडे बघत मिनिटभर थांबले आणि त्यांनी फोन मोकळा केला. मी सांगितलं होतं, अगदी तसंच.

दिल्लीला यादीचा जेमतेम पाचवा भाग पोचला. तिकडच्यांना वाटलं, एवढीच आहे. गाडी लागली तेव्हा बाकीच्या वॅगन कोणाच्या, कोणी उतरवायच्या, कुणालाच कळेना. मे महिना. माल आतच काळा पडला. शेतकरी कचेरीत येऊन बसले. ओरडणारे परवडले, पण काहीजण नुसते बसून होते.

बाहेर हे चाललेलं असताना मी आत जाऊन मोडेमचं माहितीपुस्तक उघडलं. भागाकार पुन्हा केला. या वेळी बरोबर. मग पुस्तक मिटलं आणि बाहेर आलो. अध्यक्षांनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, “फोन लवकर ठेवला गेला.”

खोटं होतं का हे? नव्हतं — म्हणूनच ते इतकं नीच होतं. कोणी ठेवला, हे मला बोलावंही लागलं नाही. सगळ्यांच्या माना नानांकडे वळल्या.

नानांनी म्हणायला हवं होतं की, यानेच मला मिनिटभर थांबायला सांगितलं. मी धास्तावून त्याचीच वाट बघत होतो. पण त्यांच्या मनात तसं आलंच नाही. दोष स्वतःच्याच हाताला देत, माझ्याकडे बघून ते म्हणाले, “मन्हा हात लागना व्हई वायरले, भाऊ. तुम्हीन ते बठ्ठं बराबर सांगेल व्हतं.”

आणि मी मान हलवली. हो म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. पुढची यादी मी स्वतः पाठवली, सकाळी, फोन रिकामा असताना, पाच मिनिटं लावून. काम सुधारलं म्हणून माझी पाठ थोपटली गेली. मी ती थोपटून घेतली.

पुढे धुळ्याला देवपुरात कॉम्प्युटरचा क्लास काढला. बिट आणि बाइट शिकवताना पोरं जांभया द्यायची, म्हणून मी एक गोष्ट सांगू लागलो — एका कचेरीतल्या टायपिस्टची, ज्याला बिट म्हणजे अक्षर वाटलं आणि त्याने गाडीभर केळी सडवली. हो, त्याला वाटलं. मला नाही. नाव घ्यायचो नाही. वर्ग खदखदून हसायचा. दर बॅचला सांगायचो.

काही वर्षांनी एकदा नाना क्लासच्या दारात उभे राहिले. डोक्यावरचे केस गेले होते. भावाच्या धान्याच्या दुकानात वजन करतो म्हणाले. मुलीला माझ्याकडे घालायला आले होते — भाऊंसारखा शिकवणारा दुसरा नाही, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. मी चहा मागवला. तेव्हा तरी बोलता आलं असतं की नाही? समोर माणूस बसलेला, आम्ही दोघंच. मी पावसापाण्याचं बोललो.

मुलगी हुशार निघाली. पुढच्या बाकावर बसायची. बिट-बाइटचा धडा आला तेव्हा ती समोर होती आणि मला ती दिसत होती. मी गोष्ट सांगितली. हाताचे हावभाव करून, नेहमीसारखी रंगवून. वर्ग हसला. तीही हसली — तोंडावर ओढणी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

घरी जाऊन तिने ती गोष्ट वडिलांना सांगितली का, हे मी तिला कधी विचारलं नाही.