अपुऱ्या आठ मात्रा

मनवेलपाड्यातल्या आमच्या इमारतीचा माळी संध्याकाळी रबरी नळी झाडांत टाकतो आणि बाकावर जाऊन बसतो. पाणी अखंड वाहत राहते. ओल्या मातीचा गंध तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो. अलीकडे त्या वासाने प्रसन्न वाटत नाही. थकवा येतो, आणि गिरीज गावच्या वाडीतला माझा मित्र आठवतो.

तो बागाईतदार, मी मराठीचा शिक्षक. गावच्या कार्यक्रमात वाचायची कविता त्याने माझ्याकडे तपासायला दिली होती. तिचे ध्रुवपद असे: 'पाणी आलं केळीपाशी, पाणी आलं वेलीपाशी, पाणी आलं माडापाशी', आणि चौथी ओळ नुसतीच, 'पाणी आलं'. यमक नेटके, पुनरावृत्ती साजेशी, सोळा मात्रांची चाल निर्दोष. चौथ्या ओळीत मात्र आठ मात्रा कमी. मी तिथे लाल शाईने 'ओट्यापाशी' भरले.

"मास्तर, ओट्यापाशी पाणी आलं तर घरात शिरलंच की!" तो हसला.

"वृत्त पाळावं लागतं."

"मग पाळू. शिकलेले तुम्ही."

त्याने तशीच वाचली. टाळ्या पडल्या. पुढे त्याने माझ्याकडे कविता आणली नाही.

त्या हिवाळ्यात वाडीत गेलो, तेव्हा तो पाठमोरा उभा राहून, ध्रुवपद पुटपुटत झाडांना पाणी देत होता. केळीचे आळे भरले, वेलीचे भरले, माडाचे भरले. मग 'पाणी आलं' एवढेच म्हणून तो गप्प झाला, वाकला, फावड्याने आळ्याचे तोंड बुजवून पाट पुढच्या रांगेकडे वळवला, कंबर सरळ केली आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आला. ओटा कुठेच नव्हता. चूक कबूल करायला एक वाक्य पुरले असते. मी थंडीविषयी बोललो आणि परतलो. नंतरही अनेक वर्षे भेटत राहिलो. ते वाक्य राहून गेले.

तो वारल्याला वर्ष झाले. गेल्या रविवारी चर्चमधल्या वर्षाच्या मिस्सानंतर त्याच्या मुलीने वहीचे ते पान माझ्या हाती दिले. "सर, पप्पांची कविता तुम्हीच वाचा." लाल शाई फिकी झाली होती, पण वाचता येत होती. चौथ्या ओळीला मी 'पाणी आलं' म्हटले आणि थांबलो. माणूस वाकून पाट वळवील, तेवढा वेळ. मुलीला वाटले, मला अक्षर लागत नाही; तिने हलकेच बोट ठेवून दाखवले, "ओट्यापाशी, सर." मागे कोणीतरी माझे वय काढले.

मी ते बोट बाजूला केले आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आलो.