न उडालेला बार

वातीला काडी लावून आडोशाला आले की आमचे सुरुंगवाले मामा तोंड मोठं उघडत. नुसतं स्वतःचं नव्हे, आम्हा सगळ्यांना उघडायला लावत. “आ करा, आ करा. न्हाईतर कान जातील.” त्यामुळे दिग्गी गावाच्या वाटेवरच्या त्या मँगनीजच्या खाणीत सुरुंग उडण्याआधी मुकादम, घणवाले, पाट्या वाहणाऱ्या बाया आणि हजेरी लिहिणारा मी, असे सगळे आ वासून उभे. तुम्ही तिथे असता तर तुम्हाला हसू आलं असतं, आणि मामांनी तुम्हालाही आ करायला लावलं असतं.

मग ते कान देऊन ऐकत. लावलेले सगळे बार उडाले की “झालं” म्हणत. एखादा गप्प राहिला तर खडकाकडे पाठ करून वाटेवरच बसत आणि दुसऱ्या सकाळपर्यंत कुणालाही पुढे सोडत नसत.

मुकादम चिडायचा. “मामा, अंडी उबवायला बसलास व्हय?”

“व्हय. पिल्लू निघालं की सांगतो.”

आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात जाऊन दोनेक वर्षं झाली असतील. सुरुंग लावणाऱ्याकडे सरकारी दाखला हवा, असा हुकूम खाणीवर आला. काम करत करतच शिकलेल्या, शाळेत न गेलेल्या माणसांची परीक्षा तोंडी होणार होती, आणि मग प्रत्यक्ष काम पाहणार होते. दाखला मिळाला तर मामा सुरुंगवाले राहणार. नाही मिळाला तर बाहेरून माणूस येणार आणि पन्नाशीत त्यांच्या डोक्यावर पाटी येणार.

काम सुटल्यावर मी त्यांना नियम वाचून, समजावून सांगत असे. ते मान हलवत. न उडालेल्या बाराजवळ अर्धा तास जायचं नाही, मग त्याला हात न लावता शेजारी घणाने नवं भोक पाडून तो उडवायचा, हे वाचलं तेव्हा मात्र मान हलली नाही.

“नियम बरोबर नाही का, मामा?”

“बरोबर असंल. आमचा थोरला भाऊबी लई वेळ थांबूनच गेला हुता भोक पाडाया.” एवढं बोलून ते उठून घरी गेले.

परीक्षक साहेब सौम्य होते, कानडी वळणाच्या मराठीत विचारत. तोंडी परीक्षेत मामा कुठे अडले नाहीत. मग त्यांनी चार बार भरले. तीन उडाले. आम्ही उघडी तोंडं तशीच ठेवून थांबलो. चौथा उडाला नाही.

अर्ध्या तासाने साहेबांनी घड्याळ पाहिलं. “आता काय करायचं?”

मामांनी नियम बिनचूक सांगितला.

“छान. मग करा.”

“उद्या करतो, सायेब.”

“नियम अर्ध्या तासाचा आहे.”

“व्हय. ठावं हाय.”

मुकादम मागून म्हणाला, “पाव्हण्यासमोर अब्रू घालवू नकोस, मामा. भ्यालास काय?”

“भ्यालो.”

कुणी हसलं नाही. साहेबांनी हलक्या आवाजात विचारलं, “दर वेळी भिता?”

“दर वेळी.”

“मग काम कसं होणार?”

मामांनी बायांना हाताने आणखी मागे सरायची खूण केली. साहेब म्हणाले, “पुन्हा एकदा विचार करा.” मामा वाटेवर बसले, खडकाकडे पाठ करून.

दुसऱ्या दिवशी कळलं की वात ओली झाली होती. बार मेलेलाच होता. मुकादम आठवडाभर हसत होता. दाखला मिळाला नाही.

खानापूरकडचा एक दाखलेवाला तरुण आला. कामाला चोख होता. मामा बायांच्या रांगेत पाटी वाहू लागले. त्या तरुणाचा बार पहिल्यांदा गप्प राहिला तेव्हा त्याने अर्धा तास जाऊ दिला आणि घणवाल्यांना नवं भोक पाडायला बोलावलं. ते उठेनात.

“काय झालं रं?” मुकादम ओरडला.

गुंद गावचा एक म्हातारा घणवाला रांगेकडे बोट दाखवून म्हणाला, “मामा बसलाय न्हवं.”

मामा पाटी पालथी घालून तिच्यावर बसले होते, मान खाली घालून, लाजल्यासारखे. मुकादमाने कामावरून काढायची धमकी दिली. मामा “बरं” म्हणाले आणि बसूनच राहिले. त्या दिवशी खडकाजवळ कुणी गेलं नाही. पुढेही असंच होत राहिलं. मुकादमाने नाद सोडला. बार गप्प राहिला की तो तरुणही घड्याळाआधी मामांकडे बघू लागला.

एका पावसाळ्यात मामा तापाने गेले. घणवाल्यांनी खांदा दिला.

पावसासाठी बंद ठेवलेली खाण दिवाळीनंतर पुन्हा सुरू झाली, आणि थोड्याच दिवसांत एक बार उडाला नाही. अर्धा तास गेला. घणवाल्यांनी बायांच्या रांगेकडे पाहिलं. रांगेत कुणी बसलेलं नव्हतं.

“चला की,” मुकादम म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा चढला नव्हता.

घण खांद्यावर टाकून घणवाले खडकाआड गेले. नियमात काही चुकत नव्हतं.

मी हजेरीच्या शेडच्या दारात येऊन उभा राहिलो. घणाचा पहिला ठोका आला. मग दुसरा. दोन ठोक्यांच्या मधे रानात काहीच वाजत नव्हतं, आणि तेवढ्या वेळात मी पुढच्या ठोक्याची वाट पाहत होतो.